फावड्याला पोवाडा नाही

गेल्या फेब्रुवारीत व्हाइटफील्डमधल्या एका सोसायटीच्या क्लबहाउसात शिवजयंती होती. इथल्या आयटीतल्या मराठी पोरांनी हौसेने केलेली. पाळणा झाला, लहान मुलींनी नऊवारी सांभाळत लेझीम केलं आणि फौजी माणूस म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं. मुख्य भाषण एका तरुणाचं होतं. पोरगा हुशार, वाचलेला, आवाज खणखणीत. पडद्यावर त्याने एक चित्र लावलं. डावीकडे रोमन सैनिक, उजवीकडे मावळा. रोमनाखाली लिहिलं होतं 'शिस्त', मावळ्याखाली 'जोश'. रोमनाकडे रस्ते, छावण्या, पगार, रसद. मावळ्याकडे फक्त घोडा, तलवार आणि छातीतली आग. रोमनांना जागोजागी जातं घेऊन फिरावं लागायचं, आम्हाला रसद लागलीच नाही, घोड्यावर बसल्या बसल्या कणसं चोळून खाल्ली आणि दिल्ली हलवली, असं तो म्हणाला तेव्हा टाळ्यांनी छत उडायचं बाकी राहिलं.

टाळ्या मीही वाजवल्या. पाहुण्याने वाजवायच्या असतात. पण परत येताना गाडी जुन्या विमानतळ रस्त्यावर तासभर अडकली आणि तेवढा वेळ एकच प्रश्न डोक्यात फिरत राहिला. चोळायला कणीस आलं कुठून?

मी आर्मी सर्व्हिस कोअरचा सुभेदार आहे. एएससी. म्हणजे रेशन, पेट्रोल, गाड्या आणि खेचरं. आमचं सेंटर इथेच बेंगळुरूत. सिव्हिलमधल्या लोकांना आमची ओळख दोनच गोष्टींनी असते. एक, मोटारसायकलींवर मनोरे रचणारे आमचे टॉर्नेडो. दुसरी, "अच्छा, म्हणजे तुम्ही प्रत्यक्ष लढत नाही का?" हा प्रश्न मला ट्रेनमध्ये, लग्नात, बँकेत आणि एकदा न्हाव्याच्या खुर्चीत विचारला गेला आहे. त्यामुळे मी जे पुढे लिहितो आहे ते दुखावलेल्या माणसाचं लिहिणं आहे असं कुणी म्हटलं तर म्हणो. मुद्दा तरी खोटा ठरत नाही. मावळ्याच्या हातातून फावडं, कमरेचा पगार आणि पोटातली भाकरी काढून घेऊन फक्त तलवार ठेवली की त्याचा गौरव होतो, असं आपल्याला वाटतं. मला तो त्याचा अपमान वाटतो.

रोमनांची बाजू आधी घेतो, कारण ती त्याने अर्धी बरोबर सांगितली होती. आणि बेंगळुरूत बसून रोमनांबद्दल बोलायला एक कारणही आहे. महाराष्ट्राकडून येणाऱ्या गाड्या जिथे थांबतात त्या यशवंतपूरला इंग्रजी अमदानीत रोमन चांदीची नाणी सापडली होती. ऑगस्टस, टायबेरियस, क्लॉडियस या बादशहांच्या छापाची. ती इथे व्यापारातून आली, सैनिक काही आले नव्हते. पण देनारियस नावाचं हे जे नाणं आहे, त्यातच रोमन सैनिकाचा पगार मोजला जायचा. (पगार मिठात मिळायचा, म्हणून 'सॅलरी' शब्द आला, हे व्हॉट्सअ‍ॅपवर दर महिन्याला येतं. शब्दाचं मिठाशी नातं आहे, पण सैनिकाच्या हातावर मीठ ठेवत होते याला पुरावा नाही. मिठाने कुणी २५ वर्षं नोकरी करत नाही.)

इस्राएलमधल्या मसादा किल्ल्यावर एका रोमन सैनिकाच्या पगाराचा कागद सापडला आहे. म्हणजे पपायरसचा तुकडा. इसवी सनाच्या सत्तरच्या दशकातला. नाव गायस मेसियस. हप्ता मिळाला ५० देनारियस. त्यातून वजा: जवाचे १६, खाण्याचे २०, बुटांचे ५, चामड्याच्या पट्ट्यांचे २, तागाच्या अंगरख्याचे ७. बेरीज करून बघा. हातात शून्य. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या क्लार्कला दाखवलं. तो म्हणाला, साहेब, हा आपलाच माणूस दिसतो, फक्त एजीआयएफचा कॉलम राहिला.

दुसरा कागद ब्रिटनच्या उत्तरेचा, विंडोलांडा नावाच्या ठाण्यातला. कागद नव्हे, लाकडाची पातळ पट्टी, शाईने लिहिलेली. तुंग्रियन लोकांच्या पहिल्या पलटणीचं ते परेड स्टेट आहे. एकूण नफरी ७५२. गैरहजर ४५६, म्हणजे दुसऱ्या ठाण्यावर, गव्हर्नरच्या पहाऱ्यावर, इकडेतिकडे कामाला. हजर २९६. त्यातले आजारी १५, जखमी ६, डोळे आलेले १०. कामाला लायक उरले २६५. ज्याने कधी सकाळी सहाला फॉल-इनमध्ये उभं राहून मोजणी दिली आहे त्याला हा आकडा वाचून हसू येईल आणि मग थोडं गलबलूनही येईल. दोन हजार वर्षांपूर्वीही अर्धी पलटण अटॅचमेंटवरच होती. आणि जखमींपेक्षा डोळे आलेले जास्त. त्याच ठाण्यातल्या दुसऱ्या पट्टीवर कुणीतरी कुणाला तरी पायमोजे आणि अंतर्वस्त्रं पाठवल्याचं लिहिलं आहे. सिनेमात रोमन सैनिक पिसांचं शिरस्त्राण घालून ओरडत असतो. खरा सैनिक घरून मोज्यांच्या पार्सलची वाट बघत होता.

त्यांची सगळ्यात लहान तुकडी आठ जणांची. आठ माणसं, एक चामड्याचा तंबू, एक खेचर, एक हातजातं. ज्या जात्याला त्या पोराने हसवलं ते हेच. धान्य मिळायचं, पीठ मिळायचं नाही. दिवसभर चालून आल्यावर दळायचं आणि मग भाजायचं. बरं, चालून आल्यावर लगेच तेही नाही. शत्रूच्या मुलखात मुक्काम म्हणजे आधी चर खणायचा, मातीचा बांध घालायचा, सोबत आणलेल्या मेखा ठोकायच्या आणि मग चूल. दुसऱ्या दिवशी पुढच्या मुक्कामी तेच पुन्हा. आमच्या रंगरुटाला एक मोर्चा खणायला लावला तर उस्तादाच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. सीझरने इसवी सनापूर्वी ५२ मध्ये आलेसियाला वेढा घातला तेव्हा आतल्या शत्रूसाठी एक आणि बाहेरून येणाऱ्या कुमकेसाठी दुसरी अशा दोन तटबंद्या उभारल्या. बाहेरचीच सुमारे वीस किलोमीटर. ती सगळी सैनिकांनी खणली. कॉर्बुलो नावाचा त्यांचा एक मोठा सेनापती सांगायचा की शत्रूला कुदळीने जिंकायचं असतं. तलवारीचं नाव त्याने घेतलं नाही.

शिकवण्याची पद्धतही तशीच कंटाळवाणी. व्हेजेशियस लिहितो की नव्या भरतीला लाकडी तलवार आणि वेताची ढाल द्यायचे, दोन्ही खऱ्याच्या दुप्पट वजनाच्या, आणि जमिनीत रोवलेल्या खांबावर सकाळ-दुपार मारायला लावायचे. उन्हाळ्यातल्या पाच तासांत वीस रोमन मैल, म्हणजे जवळजवळ ३० किलोमीटर, रांग न मोडता चाल. यात कुठे जोश आहे सांगा. खांब उलट मारत नाही, टाळ्या वाजवत नाही.

आता त्या पोराने जे सांगितलं नाही ते. शिस्त ही रोमनांच्या रक्तात वगैरे अजिबात नव्हती. ती पगारावर, पोटावर आणि वेळेवर घरी जाऊ देण्यावर उभी होती. इसवी सन १४ मध्ये ऑगस्टस मेला आणि डॅन्यूब व ऱ्हाइनवरच्या पलटणी उठल्या. मागण्या काय, तर पगार वाढवा आणि मुदत संपलेल्यांना सोडा. एक सेंच्युरियन होता, शिपायांच्या पाठीवर द्राक्षवेलीची छडी मोडायचा आणि ओरडून दुसरी मागायचा, म्हणून त्याचं नावच 'दुसरी आण' पडलं होतं. त्याला त्यांनी ठार केलं. ऱ्हाइनवर बादशहाचा पुतण्या समजूत घालायला आला, तेव्हा म्हाताऱ्या शिपायांनी हाताचं चुंबन घेतल्यासारखं करून त्याची बोटं आपल्या तोंडात घातली. का? तर हिरड्यांना दात उरले नाहीत हे त्याला कळावं म्हणून. बोळकं झालं तरी यांना घरी सोडलं नव्हतं. पुढे १९३ मध्ये तर बादशहाच्या खास पहारेकऱ्यांनी बादशहाला मारून गादीच लिलावात काढली आणि जास्त बोली लावणाऱ्याला दिली. हीच ती जगप्रसिद्ध रोमन शिस्त. (आजच्या कुठल्याही धोरणाबद्दल मी इथे काही म्हणत नाही. गणवेशात असेपर्यंत म्हणायचं नसतं आणि मी म्हणणार नाही.)

मग उजवीकडचा मावळा. त्याच्या चित्राखाली फक्त 'जोश' लिहिणाऱ्याने कृष्णाजी अनंत सभासदाची बखर उघडून पाहावी. महाराजांच्या पागेची रचना त्यात दिली आहे. पंचवीस बारगीर, त्यांवर एक हवालदार. पाच हवालदारांवर एक जुमलेदार. दहा जुमल्यांचा एक हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. थांबा आणि हे परत वाचा. पाणी वाहणारा एक, नाल ठोकणारा एक, पंचवीस घोड्यांना. रोमनांच्या आठ माणसांमागच्या जात्याची ही आपली बहीण आहे. ज्याने हे प्रमाण बसवलं त्याने डोंगरात नाल पडलेला घोडा हाताने ओढून आणलेला असणार, किंवा आणणाऱ्याचं ऐकून घेतलेलं असणार. कारण असला आकडा अनुभवातून येतो, छातीतल्या आगीतून येत नाही.

बारगीर म्हणजे सरकारच्या घोड्यावर बसणारा, पगारी. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. हा फरक बारीक वाटतो, पण आहे मोठा. शिलेदाराचा घोडा पडला की त्याची सगळी इस्टेट पडली. असा माणूस गर्दीत घोडा घालताना दोनदा विचार करेल, आणि मी त्याला भित्रा म्हणणार नाही. बारगिराचा घोडा पडला तर पागेतून दुसरा. महाराजांनी बारगिरांची पागा वाढवली, ती शिपायाला हिशोबाच्या चिंतेतून सोडवण्यासाठीही होती, असं माझं मत.

पावसाळ्यात फौज छावणीत. दाणा, वैरण, औषध, राहायला शाकारलेली घरं, सगळं आधीच तयार. दसऱ्याला कूच, आणि कूच करताना प्रत्येकाच्या जवळच्या चीजवस्तूंची यादी. परत आल्यावर झडती, जास्तीचं सरकारजमा. बाई-बटीक फौजेबरोबर न्यायची नाही. आठ महिने मुलूखगिरी. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना राज्याभिषेकाच्या सुमारास गेलेलं महाराजांचं ते पत्र. शाळेत त्यातला रयतेचा भाग सांगतात, रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, वगैरे. नैतिक उपदेश म्हणून सांगतात. मी ते रेशनवाल्याच्या डोळ्यांनी वाचतो. राजा सांगतो आहे की पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आत्ताच उधळाल तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, आणि त्याला तुमच्यापेक्षा मोगल बरा वाटेल. पुढे तर राजा दिव्यावर येतो. गवताच्या गंजीजवळ चूल, चिलीम, रात्री जळता ठेवलेला दिवा, उंदराने पळवलेली पेटती वात, आणि एका वातीपायी सगळी वैरण खाक. छत्रपती उंदराचा विचार करतात! आमच्या रेशन डेपोतल्या 'फायर ऑर्डर' मी वीस वर्षं भिंतीवर टांगतो आहे, त्यांत नवीन काही नाही. हा माणूस मला अफझलखानाच्या भेटीतल्या माणसापेक्षा मोठा वाटतो, असं म्हटलं तर सोसायटीवाले मला पुन्हा बोलावणार नाहीत.

कणसाचं उत्तरही इथेच आहे. कणीस शेतात असतं, आणि शेत कुणाचं तरी असतं. ज्वारी हुरड्याला यायचेही महिने ठरलेले. चोळून खाल्लेलं कणीस हा रसदीचा अभाव नव्हता. ती पण रसदच, फक्त पैसे कुणबी भरत होता. चार दिवसांच्या धाडीला हे चालतं. वर्षभराच्या मोहिमेला नाही. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला भाऊसाहेबांची फौज बाहेर पडली ती उपाशीपोटी. रसदीची व्यवस्था बघणारे गोविंदपंत बुंदेले महिनाभर आधी मारले गेले होते, वाटा बंद होत्या. त्या दिवशी जोश कमी होता असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

पानिपत लांबचं. बेंगळुरूच्या जवळची गोष्ट सांगतो, कारण ती इथल्या मराठी मंडळींना माहीतच नाही. शहाजीराजांना इथली जहागीर होती, एवढंच सगळे सांगतात. १६३८ ची गोष्ट ती. त्याच्या दीडशे वर्षांनंतरही मराठी फौज या मुलखात आली होती.

के. आर. मार्केटच्या गर्दीत किल्ल्याचा एक तुकडा उरला आहे. रविवारी मी नव्या पोरांना तिथे नेतो. २१ मार्च १७९१ ला कॉर्नवॉलिसच्या इंग्रजी फौजेने तो टिपूकडून घेतला, तशी पाटी तटाला लावलेली आहे. पाटीवर त्याच्या पुढची गोष्ट नाही. किल्ला घेऊन कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणावर चालून गेला. मे महिन्यात अरकेरेला लढाई जिंकलाही. पण ओढायचे बैल पटापट मरत होते, दाणा संपला होता, पाऊस लागला होता. जिंकलेल्या सेनापतीने स्वतःच्या किल्लेफोड तोफा स्वतःच फोडून टाकल्या आणि बेंगळुरूकडे माघार घेतली. कवायती फौज, उत्तम बंदुका, जगातली नावाजलेली शिस्त, आणि शिपाई भुकेने काळवंडलेले. पहिल्याच मजलेला मेलुकोट्याच्या बाजूला समोरून घोडेस्वार दिसले. शत्रू समजून इंग्रज सावध झाले. ते मराठे होते. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन.

आणि त्यांच्या मागे काय होतं? बाजार. वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे, धान्याची पोती, वाणी, सराफ, कापडवाले. त्या छावणीत शालीपासून विलायती चाकूपर्यंत सगळं विकायला होतं, असं इंग्रजांनीच नंतर थक्क होऊन लिहून ठेवलं आहे. भाव चढे लावले होते, हेही लिहिलं आहे. लावणारच. पण इंग्रजांची फौज त्या दिवशी जगली ती मराठ्यांच्या बाजारावर. 'रसद लागली नाही' म्हणणाऱ्यांनो, १७९१ च्या मे महिन्यात दक्षिणेतली सगळ्यात चांगली रसद आपली होती! हा आपल्या इतिहासातला एवढा मोठा दिवस, आणि त्यावर ना नाटक, ना पोवाडा. पोवाड्यात वाण्याला कोण घेणार?

याच व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मीही टाळ्यांसाठी लिहितो आहे असं होईल. त्याच १७९१ मध्ये त्याच मराठी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. शंकराचार्यांचा मठ. पेंढाऱ्याला पगार नसायचा, लूट हाच पगार. मठाच्या पुन्हा उभारणीला पैसे आणि धान्य पाठवलं ते टिपूने. माझ्या युनिटमधल्या कन्नड पोरांना ही गोष्ट ठाऊक आहे. मला ती त्यांच्याकडून कळली, वयाच्या चाळिशीत, आणि खोटी असेल म्हणून मी पुस्तकं धुंडाळली. खोटी नव्हती. चिपळूणचं ते पत्र लिहिणाऱ्याच्या राज्यात सव्वाशे वर्षांत हे झालं, कारण मधल्या काळात कुणीतरी ठरवलं की बिनपगारी माणूस स्वस्त पडतो.

बारा वर्षांनी फासे उलटे पडले. इंग्रज १७९१ ची भूक विसरले नाहीत. हैदर आणि टिपूने वाढवलेले म्हैसूरचे अमृतमहाल बैल श्रीरंगपट्टण पडल्यावर त्यांच्या हातात आले. लांब पाय, काटक अंग, चाल घोड्यासारखी. मार्च १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली याच बैलांवर धान्य आणि तोफा घेऊन हरिहरहून निघाला आणि २० एप्रिलला पुण्यात पोचला. वंजाऱ्यांना रोख पैसे, लुटालूट करणाऱ्या शिपायाला फास. ऑगस्टमध्ये नगरचा किल्ला घेतला तो कोठार करण्यासाठी. सप्टेंबरच्या २३ तारखेला भोकरदनजवळ असईला लढाई. शिंद्यांच्या पायदळाने आणि गोलंदाजांनी त्या दिवशी काय केलं ते इंग्रजांना विचारा. दीड हजारांहून जास्त मेले-जखमी झाले त्यांचे. गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तोफांजवळच कापले गेले. म्हणजे जोश होताच. १७९१ इतकाच होता. पण पगार थकलेले होते. गोरे अधिकारी इंग्रजांची सवलत घेऊन निघून जात होते. आणि त्याआधी पाच वर्षं शिंद्यांच्या फौजेचा पगार भागवण्यासाठी सर्जेराव घाटग्याने पुण्यातल्याच सावकारांना छळून पैसे काढले होते. पगार थकला की फौज आपल्याच राजधानीची दारं ठोठावते, मग ती रोम असो की पुणे.

मी सरळ सांगतो: असईला आपल्याला बैलांनी हरवलं. तलवारीने आपण तिथे कमी पडलो नव्हतो. इतिहासाचे प्राध्यापक दहा कारणं देतील, देऊ देत. मी रेशनवाला आहे, मला आधी बैल दिसतात.

हे सगळं जुनं उकरून काढायची गरज काय, असं कुणी विचारेल. गरज आहे. आमच्या तालुक्यात आता गल्लीगल्लीत भरतीच्या अकॅडम्या निघाल्या आहेत. पहाटे चारला पोरं सोळाशे मीटर पळतात. भिंतीवर वाघ, तलवार आणि डोळे वटारलेला मावळा. त्या पोरांना कुणीही सांगत नाही की फौजेत तू कदाचित स्वयंपाकी होशील, क्लार्क होशील, खेचर सांभाळशील, गाडी चालवशील. मग पोरगा आमच्याकडे येतो आणि कोअर एएससी लागली म्हणून रडतो. खरंच रडतो. घरी सांगताना 'फौजेत आहे' एवढंच सांगतो. खेचराच्या लगामाला हात लावायची त्याला लाज वाटते. मी मग त्याला पेडोंगीची गोष्ट सांगतो. पेडोंगी म्हणजे आमचंच एक खेचर, १९७१ मध्ये पाकिस्तान्यांच्या हाती लागलं आणि त्यांचीच मशीनगन पाठीवर घेऊन परत आलं. त्याचं नाव गिनीज बुकात आहे. पोरं हसतात, थोडी सैल होतात.

माझ्याबरोबर एक ड्रायव्हर होता. नाव लिहीत नाही, गावही नाही. डोंगरातल्या एका ठाण्याकडे आम्ही हिवाळ्याआधीचा साठा चढवत होतो. रॉकेल, पीठ, डबाबंद भाजी. दर दिवशी तीच वळणं. एका सकाळी पावसाने भिजलेला रस्ता त्याच्या गाडीखालून गेला. मी कॉनवॉयमध्ये दोन गाड्या मागे होतो. त्याला वर काढायला दुपार झाली. मी त्याच्याबरोबर त्याच्या गावी गेलो. मानवंदना झाली, सगळं रीतसर झालं. पण रात्री पारावर चर्चा चालली होती ती मी ऐकली. फ्लेक्सवर 'शहीद' लिहायचं की नाही. एक जण म्हणाला, गोळी लागली नव्हती ना, अपघातच म्हणायचा. दुसरा म्हणाला, सीमेवर होता पण लढत नव्हता, पिठाची गाडी होती. कुणी वाईट हेतूने बोलत नव्हतं. त्यांना तसंच शिकवलेलं होतं. शिवजयंतीच्या भाषणातून, पोवाड्यातून, सिनेमातून, आणि त्या डाव्या-उजव्या चित्रांतून.

त्या हिवाळ्यात वरच्या ठाण्यावर १४ जण होते. मार्चपर्यंत त्यांनी जे पीठ खाल्लं त्यातलं बरंचसं त्याने आधीच्या खेपांमध्ये चढवलेलं होतं. फ्लेक्सवर शेवटी काय लिहिलं ते मी पाहिलं नाही, माझी गाडी पहाटेची होती.

व्हाइटफील्डच्या त्या पोराचा नंबर मी घेतला होता. त्याला मी मेसेज केला, रागावून नाही, की बाळा, तुझं चित्र छान आहे पण उजवीकडची बाजू अपुरी आहे. त्याने लगेच उत्तर दिलं, "सर, काय ॲड करू?" हे मला आवडलं. मी लिहिलं: पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. पावसाळ्याची वैरण. वंजाऱ्याचे बैल. उंदीर. शेवटच्या शब्दावर त्याने प्रश्नचिन्ह पाठवलं आहे. त्याला पत्राचा तो भाग आज रात्री टाइप करून पाठवतो.